उपनगरात भाड्याने राहताना आपण घर निवडतो की परिसर?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या अकरा वर्षांत मी शहराच्या कडेच्या तीन वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये भाड्याने राहिलो आहे आणि येत्या काही महिन्यांत मला चौथे घर शोधायचे आहे. या वेळी शोध सुरू करण्यापूर्वी मागच्या तिन्ही घरांचा शांतपणे विचार केला, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक वेळी मी घराच्या आतल्या गोष्टी पाहून निर्णय घेतला होता आणि प्रत्येक वेळी माझे सुख किंवा माझा त्रास घराबाहेरच्या गोष्टींनीच ठरवला. येथील अनेक सदस्य भाड्याने राहत असतील किंवा राहिलेले असतील, म्हणून हा विषय सविस्तर मांडतो आहे.

पहिल्या घराच्या खोल्या मोठ्या होत्या, उजेड भरपूर होता आणि भाडे शहरातल्या लहान घरापेक्षाही कमी होते. मी ते पाहायला गेलो तो सुटीचा दिवस होता आणि दुपारची वेळ होती, त्यामुळे स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास वीस मिनिटांत झाला. राहायला गेल्यावर कामाच्या दिवशी सकाळी तोच प्रवास पन्नास मिनिटांचा निघाला, आणि तोही फक्त स्थानकापर्यंतचा. पुढची गाडी वेगळीच. भाड्यात वाचलेले पैसे वाहनखर्चात आणि थकव्यात गेले. घर चांगले होते हे मी आजही मान्य करतो, परंतु त्या घरात जागेपणी घालवलेले तास इतके थोडे होते की मोठ्या खोल्यांचा उपभोग घ्यायला मी तेथे नसेच.

या संदर्भात चेझारे मार्केत्ती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलेले निरीक्षण मला फार उपयोगी वाटते. त्याच्याआधी याकोव्ह झहावी या वाहतूकतज्ज्ञाने जमवलेल्या माहितीच्या आधारे त्याने असे दाखवले की माणसे दिवसाकाठी प्रवासाला सरासरी एक तास देतात आणि साधने वेगवान झाली तरी हा तास फारसा बदलत नाही, बदलते ते अंतर. पायी चालण्याच्या काळात शहर जेवढे पसरू शकत होते, त्याहून कितीतरी दूरपर्यंत ते आगगाडीमुळे आणि पुढे मोटारीमुळे पसरले, आणि उपनगर म्हणून आपण ज्याला ओळखतो ती वस्ती याच पसरण्यातून उभी राहिली. हा तास अर्थातच सरासरीचा आहे, प्रत्येकाला लागू पडणारा नियम नाही. पण ज्या घरासाठी मला रोज तीन तास द्यावे लागतात, ते घर मी माझ्या दिवसाच्या मर्यादेबाहेर घेतलेले आहे, एवढे मला या निरीक्षणाने समजावले.

दुसऱ्या घराच्या वेळी मी ही चूक सुधारली आणि स्थानकाजवळच, मुख्य रस्त्यावर घर घेतले. तेथे वेगळाच अनुभव आला. दोन वर्षे राहूनही समोरच्या बाजूच्या एकाही कुटुंबाशी माझी ओळख झाली नाही. मला तेव्हा वाटे की माझाच स्वभाव भिडस्त आहे. पुढे डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांचा केलेला अभ्यास वाचनात आला. ते रस्ते एकमेकांसारखेच होते, फरक होता तो वाहनांचा. ज्या रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, तेथील रहिवाशांना त्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते; जेथून सुमारे १६,००० वाहने जात, तेथे ही सरासरी एकाहूनही कमी होती. वाहनांच्या रस्त्यावरची माणसे आपले घर म्हणजे दाराच्या आतला भाग एवढेच समजत, तर शांत रस्त्यावरची माणसे सबंध रस्त्यालाच आपले मानत. हे वाचल्यावर त्या घरातले माझे एकटेपण मला प्रथमच नीट समजले.

तिसऱ्या, म्हणजे सध्याच्या घराची गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. परिसर चांगला आहे, रस्ता आतला आहे, स्थानक चालत जाण्याजोगे आहे. पण येथे आल्यावर पहिली दीड वर्षे मी पाहुण्यासारखा राहिलो. भिंतीला खिळा ठोकायचा तर घरमालकांना विचारावे लागेल, म्हणून चित्रे खोक्यातच ठेवली. कराराची मुदत संपली की जायचेच आहे, या विचाराने शेजाऱ्यांच्या नावांकडेही फारसे लक्ष दिले नाही. एके दिवशी तापाने अंथरुणाला खिळलो आणि औषध आणून द्यायला कोणाला सांगावे, हे मला सुचेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी, दोन दिवस मी जिन्यावर दिसलो नाही म्हणून, स्वतःहून दार वाजवले. त्यांनी मला भाडेकरू म्हणून कधीच पाहिले नव्हते, शेजारी म्हणूनच पाहिले होते. स्वतःला तात्पुरता समजत होतो तो फक्त मीच.

म्हणून सदस्यांना माझा प्रश्न असा आहे: उपनगरात भाड्याचे घर शोधताना परिसर कसा पारखावा, आणि मुदतीच्या कराराने बांधलेल्या माणसाने त्या परिसरात मन कितपत गुंतवावे?

नकाशावाचक

फार चांगला विषय काढलात. उपनगर म्हणजे स्वतःच्या मालकीचे घर, आणि भाडेकरू म्हणजे तेथे चुकून आलेला माणूस, असा एक समज आढळतो. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

एबेनेझर हॉवर्ड याने १८९८ साली इंग्लंडमध्ये उद्यान-नगराची कल्पना मांडली. सुमारे ३२,००० लोकांचे, शेतजमिनीने वेढलेले, स्वतःचे कारखाने आणि कामधंदे असलेले नगर, असे तिचे स्वरूप होते. १९०३ साली लेचवर्थ येथे या कल्पनेवर आधारित पहिले नगर उभारायला सुरुवात झाली. या योजनेतील झाडे आणि मोकळ्या जागा सर्वांच्या लक्षात राहिल्या, पण तिचा गाभा वेगळा होता. जमीन एका विश्वस्त संस्थेकडे राहायची, रहिवाशांनी तिला भाडे द्यायचे आणि वस्ती वाढल्यामुळे जमिनीचे मोल वाढले की तो लाभ त्या वस्तीच्याच कामांसाठी वापरायचा, असा तो विचार होता. म्हणजे हॉवर्डच्या नगरात प्रत्येक जण एका अर्थाने भाडेकरूच होता आणि तरीही त्या जागेच्या भरभराटीत त्याचा वाटा होता. पुढे जगभर जी उपनगरे झाली, त्यांनी झाडे घेतली आणि हा विचार सोडून दिला. माझ्या मते उपनगरांचे सर्वांत मोठे नुकसान येथे झाले, कारण परिसर सुधारला की भाडेकरूचे भाडे वाढते आणि ज्याने त्या सुधारणेसाठी कष्ट घेतले, त्यालाच बाहेर पडावे लागते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील लेव्हिटटाउनचे. न्यूयॉर्कजवळची ही वसाहत १९४७ साली उभी राहू लागली आणि १९५१ पर्यंत तेथे १७,००० हून अधिक घरे झाली. मालकीच्या घराचे प्रतीक म्हणून तिचे नाव घेतले जाते, पण तिची सुरुवात युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीच्या भाड्याच्या घरांनी झाली होती. त्या भाडेकरारांत एक कलम असे होते की गोऱ्या वंशाच्या नसलेल्या कोणालाही ते घर वापरू देता येणार नाही. भाडेकराराच्या एका ओळीत केवढी सामाजिक सत्ता सामावलेली असते, हे समजून घेण्यासाठी ते कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

किल्ली

परिसराबद्दलचे आपले म्हणणे पटले, तरी घराच्या आतल्या भागाकडे दुर्लक्ष व्हावे असे मला वाटत नाही. मी काही वर्षे भाड्याच्या घरांची देखभाल पाहण्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून काही गोष्टी सांगते.

ओल ही सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट आहे आणि तिचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर भिंतीच्या खालच्या भागात पट्ट्यासारखी दिसते. गळतीची ओल डागासारखी, बहुधा न्हाणीघराच्या भिंतीमागे किंवा वरच्या मजल्यावरील नळजोडणीच्या खाली दिसते. तिसरी ओल हवेतल्या बाष्पाची असते. ती थंड भिंतीवर, कोपऱ्यांत आणि कपाटांच्या पाठीमागे बुरशीच्या काळ्या ठिपक्यांनी प्रकट होते. पहिल्या दोन प्रकारांची दुरुस्ती घरमालकाने करायची असते, तिसरी मात्र घराची रचना आणि राहणाऱ्याची सवय या दोहोंमुळे होते, त्यामुळे वाद बहुतेक वेळा तिच्यावरूनच होतात. नुकताच रंग दिलेले घर पाहताना कपाटाचे दार उघडून वास घ्यावा, कारण रंगाने डाग झाकले जातात, कुबट वास झाकला जात नाही.

पाण्याचा दाब पाहायचा असेल तर दोन नळ एकाच वेळी सोडून पाहावेत. खिडक्या समोरासमोर असतील तर वारा आरपार वाहतो. एकाच बाजूला असतील तर कितीही मोठ्या असल्या तरी खोली कोंदट राहते.

आता कागदांविषयी. ताबा घेतला त्याच दिवशी प्रत्येक खोलीची, प्रत्येक तडा गेलेल्या फरशीची आणि ओरखड्याची छायाचित्रे काढावीत, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरवरील आकडे टिपावेत आणि हे सर्व त्याच दिवशी घरमालकांना लेखी पाठवावे. अनामत रकमेवरून होणारे तंटे घर सोडताना उफाळून येत असले, तरी त्यांचे मूळ घर घेतानाच्या आळसात असते. माझ्या धाकट्या भावाला एका घरमालकाने अनामत रकमेतील मोठा भाग परत दिला नाही, कारण स्वयंपाकघरातला ओटा आधीपासून फुटलेला होता हे त्याला सिद्ध करता आले नाही. करारात ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज’ वगळलेली आहे की नाही, हेही पाहावे. रंग फिका पडणे ही झीज आहे, दाराला भोक पडणे ही हानी आहे. हा फरक लिहिलेला असेल तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

तिसरा मजला

मी थोडा असहमत आहे. आपण मन गुंतवण्याविषयी विचारले आहे, परंतु दर वर्षी करार नवा करावा लागत असेल आणि घरमालकाच्या एका निरोपावर घर सोडावे लागत असेल, तर मन न गुंतवणे हा भाडेकरूचा दोष नाही, तो त्याने स्वतःच्या बचावासाठी शोधलेला मार्ग आहे. मला पाच वर्षांत तीन घरे बदलावी लागली. प्रत्येक वेळी मुलीची शाळा दूर गेली, आणि तिसऱ्या वेळी तिने नव्या वस्तीत मैत्रिणी करायलाच नकार दिला. आठ वर्षांच्या मुलीने मला सांगितले की परत जायचेच असेल तर कशाला. मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

जेथे भाडेकरूला स्थैर्य मिळते, तेथे चित्र वेगळे दिसते. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात आणि तेथे भाडेकरार सामान्यतः बेमुदत असतो. घरमालकाला ठोस कारण असल्याशिवाय घर रिकामे करून घेता येत नाही, आणि कारण असले तरी भाडेकरू जितका जुना, तितकी नोटिशीची मुदत जास्त: सुरुवातीला तीन महिने, पाच वर्षांनंतर सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ. अनामत रकमेवरही तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची कमाल मर्यादा आहे. अशा व्यवस्थेत माणूस बागेत झाड लावतो, कारण त्याला फळे येईपर्यंत आपण येथे असू, अशी खात्री त्याला असते.

मोकळे अंगण

मी एकटी राहते, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. घर पाहायला गेले की मला घराविषयी माहिती मिळण्याआधी माझीच चौकशी होते. लग्न कधी करणार, भेटायला कोण येणार, रात्री किती वाजता परतणार, हे प्रश्न भाडे आणि अनामत ठरण्याच्या आधी येतात. एका ठिकाणी तर सर्व ठरल्यावर, सामान बांधून झाल्यावर, ‘आम्हाला कुटुंबच हवे’ असा निरोप आला. नकाशावाचक यांनी सांगितलेले ते कलम वाचून मी बराच वेळ थांबले. आज असे कलम कोणी कागदावर लिहीत नाही, तोंडी सांगतात, आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीविरुद्ध दाद मागणे अधिकच अवघड असते.

परिसर पारखण्याची माझी एकच रीत आहे. मी रात्री नऊनंतर स्थानकापासून त्या घरापर्यंत एकदा चालत जाते. दिवे लागलेले आहेत का, पदपथ सलग आहे का, वाटेत उघडी दुकाने आणि येती-जाती माणसे आहेत का, की दोन्ही बाजूंना नुसत्या उंच कुंपणभिंती आहेत, हे पाहते. कुंपणभिंतींच्या लांबच लांब रस्त्यावर कोणाची खिडकीही उघडत नाही. असा रस्ता कितीही स्वच्छ आणि रुंद असला तरी मी तेथे घर घेत नाही.

नकाशावाचक

मोकळे अंगण, आपली रीत नगररचनेच्या अभ्यासाशी जुळणारी आहे. क्लॅरेन्स पेरी याने १९२९ साली शेजारवस्तीची जी आखणी मांडली, तिच्यात शाळा मध्यभागी आणि घरे तिच्यापासून साधारण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या परिघात असावीत, अशी अपेक्षा होती. चालायला हे अंतर पाच मिनिटांचे आहे. घर निवडताना नकाशावर त्या घराभोवती एवढे वर्तुळ काढावे आणि त्यात काय काय येते ते पाहावे, असे मी सुचवेन. मात्र नकाशावरचे अंतर हवाई असते. मधे रेल्वेमार्ग, नाला किंवा बंद फाटक असेल तर ४०० मीटरचे दीड किलोमीटर होतात, त्यामुळे चालून पाहण्याला पर्याय नाही.

मन गुंतवण्याविषयीही थोडे लिहितो. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठीच्या वसाहतींचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लगतच्या घरातील लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हणून नोंदवण्याचे प्रमाण ४१ टक्के होते, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांच्या घरांत ते १० टक्क्यांवर आले. जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर अधिक ओळख होती. हे सर्व तात्पुरते रहिवासीच होते, शिक्षण संपले की जाणारे. तरीही मैत्री झाली, कारण ती रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होत होती. उंबरठा यांच्या इमारतीतल्या आजोबांनी जिन्यावरची अनुपस्थिती टिपली, ती याच वाटेमुळे.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा मजला, आपल्या मुलीचे वाक्य वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. मन न गुंतवणे हा दोष मानून मी प्रश्न विचारला होता, तो तसा विचारायला नको होता, हे मान्य करतो. स्थैर्य कायद्याने आणि कराराने द्यायचे असते. ते नसताना भाडेकरूला आपुलकीचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. एवढेच सांगतो की माझ्यावर ती सक्ती नव्हती. माझे घरमालक तीन वर्षांच्या कराराला तयार होते आणि एका वर्षाचा करार मीच मागितला होता.

किल्ली यांनी सांगितल्याप्रमाणे या वेळी ओल, नळ आणि खिडक्या पाहीन. मोकळे अंगण यांची रीत मी कालच वापरली. एक घर मनात भरले होते, आतल्या रस्त्यावर आणि हवेशीर. कामाच्या दिवशी सकाळी आठला तेथून स्थानकापर्यंत चाललो तेव्हा सतरा मिनिटे लागली आणि रात्री सव्वानऊला पुन्हा चाललो. वाटेत अर्ध्या अंतरावर दिवे नव्हते. दोन माणसांना विचारले, तर ते कित्येक महिने बंद असल्याचे समजले. घर अजून सोडलेले नाही, पण स्थानिक प्रशासनाकडे त्या दिव्यांची तक्रार नोंदवून आलो आहे. तेथे राहायला जाईन की नाही हे ठरलेले नसताना तक्रार कशाला, असे नोंदवहीवरील कर्मचाऱ्याने विचारले. रस्त्यावरून अंधारात चालणारी माणसे आजही आहेत, असे मी त्यांना सांगितले.

सध्याच्या घरमालकांनाही मी फोन केला. करार आणखी दोन वर्षांसाठी करता येईल का आणि भिंतीला चार खिळे ठोकले तर चालेल का, असे दोन्ही प्रश्न विचारले. खिळ्यांना त्यांनी लगेच होकार दिला. कराराविषयी रविवारी भेटायचे ठरले आहे.

तिसरा मजला

रविवारी भेटाल तेव्हा नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे नक्की पाहा. माझ्या मागच्या करारात मला दोन महिने आणि त्यांना एक महिना असे लिहिलेले होते आणि सही करताना माझ्या ते लक्षात आले नाही. भाडेवाढ दर वर्षी किती, हेही आकड्यात लिहून घ्या. ‘परस्पर संमतीने’ असे शब्द असतील तर ते बदलून मागा. चित्रे मात्र रविवारची वाट न पाहता लावा.